दुसरी मोटारसायकल: 350 सीसीची रेघ आणि मुळशीचे किलोमीटर

वर्षाला साडेएकतीस हजार रुपये. शोरूममध्ये दोन लाखांना मिळणारी 349 सीसीची मोटारसायकल अंगणात नुसती उभी राहिली, तरी पाच वर्षांच्या सरासरीने एवढा खर्च येतो. पेट्रोलचा थेंबही यात धरलेला नाही. पौड, पिरंगुट, भूगावकडे ज्यांच्या घरी रोजच्या कामाची शंभर सीसीची गाडी आहे आणि आता घाटासाठी, लांबच्या रस्त्यासाठी जोडीला एक दमदार गाडी घ्यायची आहे, त्यांनी हिशेब इथून सुरू करावा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा ॲव्हरेजपासून सुरू होतो.

आकड्याची फोड अशी. विमा कंपन्यांच्या प्रचलित घसारा तक्त्याप्रमाणे तिसऱ्या वर्षात गाडीची किंमत 30 टक्क्यांनी कमी धरतात, चौथ्यात 40 आणि पाचव्यात 50. म्हणजे दोन लाखांतले एक लाख गेले. बाजारात भाव याहून वर-खाली होतो, पण अंदाज बांधायला हा तक्ता चांगला. महाराष्ट्रात 299 सीसीवरील दुचाकीला एकरकमी वाहन कर 12 टक्के, म्हणजे अंदाजे 24,000. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा 7,365 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 8,691. गाडीच्या नुकसानीचा व मालकाच्या अपघाताचा विमा वर्षाला 2,000 आणि सर्व्हिसिंग 3,000 धरले. एकूण 1,57,691. याला पाचाने भागा.

आता किलोमीटर. पावसाळा सोडून आठ महिने, महिन्यातून दोन रविवार, पौडहून ताम्हिणीपर्यंत जाऊन-येऊन 80 किलोमीटर धरले तर 1,280 होतात. त्यात कोकणातली एखादी सातशे किलोमीटरची फेरी मिळवली की वर्षाचे साधारण 2,000. पेट्रोल लिटरला 104 रुपये आणि ॲव्हरेज 32 धरले, तर किलोमीटरला सव्वातीन रुपये. टायर-चेनचा एक रुपया. स्थिर खर्चाचे पावणेसोळा रुपये त्यात मिळवले की किलोमीटर पडतो वीस रुपयांना. हीच गाडी वर्षाला 6,000 चालली तर साडेनऊ रुपये, 10,000 चालली तर सात रुपये चाळीस पैसे.

म्हणून दुसऱ्या गाडीच्या बाबतीत ॲव्हरेजवर वाद घालण्यात अर्थ नाही. एक गाडी 35 चे ॲव्हरेज देते, दुसरी 28 चे. 2,000 किलोमीटरला फरक चौदा लिटरचा, म्हणजे वर्षाला दीड हजार रुपयेही नाही.

खरा फरक पडतो 350 सीसीच्या रेघेवर. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्यावरील गाड्यांना सेस धरून 31 टक्के होता, तो 40 झाला. 1,70,000 रुपये मूळ किंमत धरली, तर रेघेच्या अलीकडे गाडी 2,00,600 ला मिळते, पलीकडे 2,38,000 ला. काही कंपन्यांनी सुरुवातीला ही वाढ स्वतः सोसली. ती सवलत कायम धरून चालू नये. विम्यालाही हीच रेघ आहे. जून 2022 पासूनच्या दरांनुसार पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता 150 ते 350 सीसीला 7,365, तर 350 च्या वर 15,117. जीएसटीसह फरक 9,147 रुपये. दोन्ही मिळून साडेशेहेचाळीस हजार, आणि वाढीव किमतीवरचा वाहन कर वेगळाच.

एवढे जास्त मोजून काय मिळते? रोजच्या शंभर सीसीच्या स्प्लेंडरला सुमारे 8 अश्वशक्ती आणि वजन 112 किलो. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ला 20.2 अश्वशक्ती, 195 किलो. बजाज चाकणला बनवते ती ट्रायम्फ स्पीड 400 घेतली तर साडेएकोणचाळीस, सुमारे 176 किलो. डबल सीट बसणाऱ्यांचे 140 किलो मिळवा, मग दर शंभर किलोमागे ताकद अनुक्रमे 3, 6 आणि साडेबारा येते. प्रत्येक पायरीला दुप्पट. टेमघरकडून लवासाच्या चढावर पहिली दुप्पट मनापासून हवीशी वाटते. दुसऱ्या दुप्पटीला मात्र मुळशीत मोकळा रस्ता फार थोडा मिळतो. शिवाय क्लासिकचा 27 न्यूटन-मीटरचा सगळा जोर इंजिनाच्या मिनिटाला 4,000 फेऱ्यांवरच मिळतो. स्पीड 400 चा साडेसदतीसचा जोर 6,500 वर. वळणावळणाच्या चढावर, मागे माणूस बसलेला असताना, कमी फेऱ्यांवरचा जोर गिअर पाडण्याचे कष्ट वाचवतो. त्यामुळे या भागासाठी माझे मत 349 च्या बाजूने आहे. ज्याला पुणे-बंगळूर महामार्ग वारंवार गाठायचा आहे, त्याचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

पावसाचे वेगळे बघावे लागते. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कोरड्या डांबरावर ताशी 60 च्या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला अंदाजे 20 मीटर लागतात, ओल्यावर 35. वेग 40 वर ठेवला तर ओल्यावरही 16 मीटर पुरतात. कोणतीही ताकद हा फरक भरून काढत नाही. 125 सीसीवरील गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, पण नियमाला एका चाकाचे पुरते. घाटात फिरणाऱ्याने दोन्ही चाकांचे एबीएस असल्याशिवाय गाडी घेऊ नये, मग रंग दुसरा घ्यावा लागला तरी चालेल.

नवी घेताना जुनी विकून टाकावी का? रोज 45 किलोमीटर, वर्षाला 240 दिवस हिंजवडीला जाणे-येणे म्हणजे 10,800 किलोमीटर. लिटरला 60 देणाऱ्या गाडीला पेट्रोल लागते 18,700 रुपयांचे, 32 देणारीला 35,100 चे. जुनी ठेवायला वर्षाचा थर्ड पार्टी विमा 843 रुपये आणि सर्व्हिसिंग, एवढाच खर्च. ती ठेवणेच स्वस्त. घर चालवणारी गाडी तीच आहे.

वर्षाला 2,000 किलोमीटरच होणार असतील तर अडीच-तीन वर्षे वापरलेली 349 सीसी शोधावी. तक्त्याप्रमाणे 30 टक्के घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो, राज्यातलेच पासिंग असेल तर वाहन करही त्यानेच भरलेला असतो, आणि नवीन घेताना काढलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमाही बाकी असतो. नाव बदलताना फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या घ्याव्यात, गाडीवर कर्ज असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला मागावा आणि विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवावे. पैसे देण्यापूर्वी घरच्या माणसाला मागे बसवून पिरंगुटचा घाट एकदा चढून-उतरून बघावा. चढताना क्लच घसरतो का आणि उतारावर पुढचा ब्रेक थरथरतो का, हे तिथे लगेच कळते.