‘ड्राय’च्या विरुद्ध ‘वेट’? नेहमीच नाही!

शाळेत विरुद्धार्थी शब्दांची यादी पाठ करून घेतात. त्यात ‘ड्राय’ म्हणजे कोरडा आणि त्याच्या विरुद्ध ‘वेट’ म्हणजे ओला, ही जोडी हमखास असते. जोडी चुकीची नाही, पण ती जेमतेम कपड्यांपुरती पुरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात चक्कर मारली तरी ते कळेल.

पांढरकवडा हे या तालुक्याचं मुख्यालय. इथली बरीच शेती पावसावर, म्हणजे कोरडवाहू. इंग्रजीत ती ‘ड्राय लँड’. मग विहीर किंवा कालव्याचं पाणी असलेल्या शेताला काय म्हणायचं? ‘वेट लँड’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला पाणथळ, दलदलीची जागा वाटेल. तिथे शब्द लागतो ‘इरिगेटेड’. विदर्भातला शेतकरी त्याला सरळ ‘ओलीत’ म्हणतो. म्हणजे मराठीत ‘ओल’ चालते, इंग्रजीत ‘वेट’ चालत नाही.

जंगलाचंही तसंच. याच तालुक्यातलं टिपेश्वर अभयारण्य शुष्क पानझडी, म्हणजे ‘ड्राय डेसिड्युअस’ प्रकारचं. चॅम्पियन आणि सेठ यांनी 1968 मध्ये भारतीय जंगलांचं जे वर्गीकरण मांडलं, त्यात याच्या समोरची जोडी ‘मॉइस्ट डेसिड्युअस’ आहे. ‘वेट’ हा शब्द त्यांनी सदाहरित जंगलासाठी राखून ठेवला. म्हणजे ड्राय, मॉइस्ट आणि वेट या एका चढणीच्या तीन पायऱ्या झाल्या.

जळाऊ लाकूड ओलं असेल तर इंग्रजीत ते ‘ग्रीन’, मग त्याची साल तपकिरी का असेना. आटलेली गाय ‘ड्राय’, दूध देणारी ‘मिल्किंग’. आपल्याकडे भाकड आणि दुभती. कोरडी वाइन असेल तर विरुद्ध ‘स्वीट’. कोरड्या खोकल्याच्या विरुद्ध ‘वेट’ चालतो, पण डॉक्टर ‘प्रॉडक्टिव्ह’ म्हणतात. रुग्णाने ‘कामाचा खोकला’ असा अर्थ घेतला तर पंचाईत! त्यांना विचारायचं असतं ते एवढंच, की कफ पडतो का.

दारूबंदीच्या जिल्ह्यालाही इंग्रजी वर्तमानपत्रं ‘ड्राय’ म्हणतात. शेजारचा चंद्रपूर 2015 ते 2021 या काळात तसा होता. इथे मात्र ‘वेट’ अगदी बरोबर बसतो.

कापसाच्या बाबतीत हा फरक थेट पैशांचा आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात आणि 12 च्या वर खरेदी नाही. म्हणून तिथे ड्राय की वेट असा प्रश्नच नसतो. मोजतात ते ‘मॉइश्चर’, टक्क्यांत. हाताला कोरडा लागणारा कापूसही मीटरवर ओला निघू शकतो.

आणि एक शब्द असा आहे की इंग्रजी तिथे हातच टेकते. आपण ‘कोरडा दुष्काळ’ आणि ‘ओला दुष्काळ’ दोन्ही म्हणतो. ‘ड्राउट’मध्ये मात्र पाण्याची टंचाई आधीच बसलेली आहे, त्यामुळे ‘वेट ड्राउट’ ऐकून इंग्रज गोंधळेल. त्याला ‘एक्सेस रेन’मुळे पीक गेलं, असंच सांगावं लागतं. सरकारी पंचनाम्यातही ‘ओला दुष्काळ’ नसतो. तिथे ‘अतिवृष्टी’ लिहितात आणि त्यासाठी महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला जावा लागतो.