देवगिरीचे ताल आणि पॅरिसमधील वाद

एकच संगीत ऐकून कोणी डोलू लागतो, तर कोणी कानांवर हात ठेवतो, हा अनुभव आपणांस नवीन नाही. परंतु ऐकणारे दोघेही जाणते, दोघेही प्रामाणिक व दोघेही एकाच सभागृहात बसलेले असता त्यांची मते इतकी भिन्न का व्हावीत, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याचे एक उत्तम उदाहरण १९४५ साली पॅरिस शहरात घडले. त्या घटनेचा एक धागा थेट आपल्या मराठवाड्यातून गेलेला आहे, म्हणून तिचा वृत्तान्त विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचे योजिले आहे.

ओलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) हे फ्रान्समधील एक थोर संगीतरचनाकार होऊन गेले. पॅरिसमधील ट्रिनिटी चर्चमध्ये त्यांनी १९३१ पासून अखेरपर्यंत ऑर्गन वाजविण्याची सेवा केली. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या हाती सापडले. बंदिवासातही त्यांची लेखणी थांबली नाही. तेथे पूर्ण केलेली त्यांची एक रचना १५ जानेवारी १९४१ रोजी छावणीतील कैद्यांपुढे वाजविली गेली. सुटका झाल्यावर १९४४ च्या मार्च महिन्यात, पॅरिस अद्याप शत्रूच्या ताब्यात असता, त्यांनी पियानोसाठी एक विशाल रचना आरंभिली. सप्टेंबरात ती पुरी झाली, तेव्हा शहर मुक्त झाले होते. तिचे नाव ‘बाळ येशूवरील वीस दृष्टिक्षेप’. गव्हाणीतील बालकाकडे पिता, माता, तारा, देवदूत, मेंढपाळ, काळ, मौन आणि क्रूसही कसे पाहतात, हे वीस भागांत सांगण्याचा तीत प्रयत्न आहे. सर्व भाग सलग वाजविण्यास सुमारे दोन तास लागतात.

ज्यांनी पियानो पाहिला नसेल त्यांनी आपली पेटी डोळ्यांपुढे आणावी. पट्ट्या तशाच, पण संख्येने पुष्कळ अधिक. आत मात्र भाता नसून ताणलेल्या तारा असतात. पट्टी दाबताच एक लहानशी हातोडी तारेवर पडते, नाद उमटतो आणि हळूहळू विरत जातो. ह्या विरणाऱ्या नादाचा मेसियाँ ह्यांनी मोठ्या कौशल्याने उपयोग केला आहे. कोठे एखादा स्वरसमूह इतका सावकाश येतो की, पुढचा केव्हा येईल ह्याची वाट पाहावी लागते; तर कोठे स्वरांचा असा कडकडाट होतो की, तो एका माणसाच्या दहा बोटांनी केला आहे हे खरे वाटू नये.

२६ मार्च १९४५ रोजी पॅरिसमधील गाव्हो सभागृहात ही रचना प्रथम वाजविली गेली. वाजविणाऱ्या इव्हॉन लोरिओ ह्या मेसियाँ ह्यांच्या शिष्या असून त्यांचे वय त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते. प्रत्येक भागापूर्वी रचनाकार स्वतः त्याचा अर्थ वाचून दाखवीत. कार्यक्रम संपला आणि मतभेदास तोंड फुटले. पुढच्याच महिन्यात त्यांची दुसरी एक धार्मिक रचना सादर झाली, तेव्हा हा वाद अधिकच पेटला व वृत्तपत्रांतून त्यास ‘मेसियाँ प्रकरण’ असे नावच पडले.

विरोधकांचे म्हणणे काय होते? ‘फिगारो’ पत्रात क्लॅरंडन ह्या टोपणनावाने लिहिणारे टीकाकार बेर्नार गाव्होती ह्यांचा रोख मुख्यतः त्या प्रास्ताविक भाषणांवर होता. शब्दांनी स्वर्गाचे वचन द्यावे आणि वाद्याने ते पाळू नये, हा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ होय. इतरांस वाटे की, बाळ येशूचे नाव घेतल्यावर अंगाईसारखे मृदू संगीत यावे. येथे तर गडगडाट आहे आणि पवित्र विषयास न शोभणारा भपकाही आहे. उलट पक्षी मेसियाँ ह्यांच्या तरुण विद्यार्थ्यांस व चाहत्यांस ह्याच गोष्टी मोलाच्या वाटत. ईश्वर मनुष्यरूपाने जन्मास येतो ही घटना केवळ गोड नसून भयचकित करणारीही आहे. मग तिचे संगीत केवळ गोड कसे असेल, असा त्यांचा युक्तिवाद असे.

परंतु ऐकणाऱ्यांच्या गोंधळाचे आणखी एक कारण होते, आणि येथेच आपला मराठवाडा पुढे येतो. युरोपातील श्रोत्यांचा कान सम अंतराने पडणाऱ्या ठोक्यांस सरावलेला होता. मेसियाँ ह्यांनी तो ठोकाच मोडला, आणि तो मोडण्याचे एक साधन त्यांस शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातील ताल-कोष्टकात सापडले. शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण ह्याच्या पदरी हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याचा आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आला होता. ज्या दौलताबादच्या किल्ल्यावर आपले विद्यार्थी सहलीस जातात, त्याच देवगिरीच्या राजाश्रयाने हा सात अध्यायांचा ग्रंथ निर्माण झाला. त्याच्या तालाध्यायात एकशे वीस देशी तालांची यादी आहे. ती १९१३ साली छापलेल्या एका फ्रेंच संगीतकोशातील लेखात उतरली आणि तेथून ती मेसियाँ ह्यांच्या हाती पडली.

ह्या तालांचे गणित सोपे आहे. लघू हे एक माप धरले, तर द्रुत त्याच्या निम्मे, गुरू दुप्पट व प्लुत तिप्पट. ढेंकी नावाचा ताल पाहा: गुरू, लघू, गुरू, म्हणजे दोन, एक, दोन. हा पुढून मोजा की मागून मोजा, एकच. जसा ‘नयन’ हा शब्द उलट वाचला तरी ‘नयन’च राहतो. अशा उलटसुलट सारख्या लयींची मेसियाँ ह्यांस फार आवड होती. ज्यास आरंभ व अंत एकच, त्यात त्यांस अनंतकाळाची छाया दिसे. वीस भागांपैकी पाचव्या भागात त्यांनी रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश हे तीन ताल एकापुढे एक गुंफले आहेत. एक स्वरपंक्ती ती लय मूळ मापाने चालविते, दुसरी तीच लय दीडपट लांब करून चालविते, आणि खाली ईश्वराचे मुख्य सूत्र संथपणे वाहत राहते. तबला शिकणाऱ्या मुलांस आड लय ठाऊक असेल. तिचाच हा एक दूरचा आप्त म्हणावा.

मग हे संगीत आपणांस सहज कळावे, असे कोणी म्हणेल. तसे मात्र नाही. गोदाकाठच्या गुरुद्वारातील शबद-कीर्तन असो, देवळातील भजन असो, की आपल्या चर्चमधील गीत असो, आपला कान आवर्तनाची व समेची वाट पाहतो. मेसियाँ ह्यांनी शार्ङ्गदेवाची मापे घेतली. परंतु हाताने ताल धरण्याची रीत, ठेका आणि सम ह्यांपैकी काहीच घेतले नाही. तेव्हा युरोपीय श्रोता ठोका शोधीत राहतो, तर आपण सम शोधीत राहतो, आणि दोघांच्याही हाती ती लागत नाही. म्हणूनच ‘हे मुळात आमचेच’ असा अभिमान मिरविणे हे अर्धसत्य होय. बीज देवगिरीचे खरे. झाड मात्र वेगळ्या मातीत वाढले आहे.

पुढे काय झाले? त्याच वादात मेसियाँ ह्यांच्यावर कडक टीका करणाऱ्या क्लोद रोस्ताँ ह्यांनी १९५७ साली त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ज्या रचनेने सभागृहात दुफळी माजविली, ती आज जगभरचे निष्णात वादक वाजवितात व तिची अनेक ध्वनिमुद्रणे झाली आहेत. तथापि सर्व विरोधक मूर्ख होते, असा निष्कर्ष काढणे न्याय्य नव्हे. शब्द आणि सूर ह्यांतील अंतराबद्दल गाव्होती ह्यांनी विचारलेला प्रश्न आजही विचारता येतो. आणि दोन तास ऐकूनही ज्यास ही रचना आवडली नाही, त्याची भक्ती वा बुद्धी कमी ठरत नाही.

ह्यावरून घ्यावयाचा बोध असा की, आवड-नावड सांगण्यापूर्वी आपण कशाची वाट पाहत होतो, हे स्वतःस विचारावे. जे मिळाले ते वाईट होते, की जे हवे होते ते मिळाले नाही, ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. विद्यार्थ्यांनी प्रथम पंधरावा, ‘बाळ येशूचे चुंबन’ हा शांत भाग ऐकावा, मग पाचवा. दोन्ही दोनदा ऐकावे आणि जे ऐकू आले ते आधी वहीत टिपावे. पालकांनी तेवढा वेळ ‘हा कसला गोंगाट’ हे वाक्य राखून ठेवावे. त्यानंतर घरात मतभेद झाला, तर तो खुशाल होऊ द्यावा. ऐकून झालेला मतभेद न ऐकता झालेल्या एकमतापेक्षा केव्हाही बरा.