परदेशात घड्याळ बदलते, तेव्हा घरच्या औषधांच्या वेळा कशा सांभाळाल?

समजा, तुम्ही खाप्याला राहता आणि तुमची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. ती रोज तिच्या सकाळी साडेनऊला फोन करते, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. "बाबा, इंजेक्शन घेतलं का?" हा तिचा पहिला प्रश्न असतो. बाबा इन्सुलिन घेतात, अर्ध्या तासाने जेवायला बसतात आणि सगळे सुरळीत चालते. मग नोव्हेंबर उजाडतो आणि एका रविवारी फोन सातला न येता आठला येतो. मुलीने तिच्या घड्याळात वेळ चुकवलेली नसते. तिथले घड्याळच एक तास मागे गेलेले असते.

हा एक तास वरवर किरकोळ वाटतो. पण घरातील औषधांची आठवण फोनवर अवलंबून असेल, तर याच तासात डोस चुकतो किंवा दोनदा घेतला जातो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

तिकडचे घड्याळ का बदलते?

उन्हाळ्यात दिवस मोठा असतो. संध्याकाळचा उजेड जास्त वापरता यावा म्हणून अमेरिका, ब्रिटन, युरोपातील बहुतेक देश आणि ऑस्ट्रेलियाचा काही भाग घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात पुन्हा मागे आणतात. लंडनमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जवळपास नऊ तासांचा फरक असतो. आपल्या नागपूर भागात तो साधारण अडीच तासांचा असतो, त्यामुळे आपल्याला याची गरज भासत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ दरम्यान, भारतातही घड्याळे एक तास पुढे ठेवली होती. आता आपल्याकडे घड्याळ बदलत नाही. दुबई, कतार, सौदी अरेबिया, ओमान येथेही घड्याळ बदलत नाही. मुले तिकडे असतील, तर हा प्रश्न तुमच्यापुढे येणार नाही.

कोणत्या तारखा लक्षात ठेवायच्या?

• अमेरिका आणि कॅनडाचा बहुतेक भाग: मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे.
• ब्रिटन आणि युरोप: मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे.
• ऑस्ट्रेलियात सिडनी, मेलबर्न: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे.

न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतात. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास, तर लंडन साडेचार आणि साडेपाच तास मागे असते. एक मूल अमेरिकेत आणि दुसरे ब्रिटनमध्ये असेल, तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे दोघांच्या फोनच्या वेळा आणखी गोंधळाच्या होतात, कारण दोन्हीकडचा बदल एकाच दिवशी होत नाही.

चूक नेमकी कुठे होते?

वरचेच उदाहरण घ्या. नोव्हेंबरमध्ये फोन आठला आला, तर तीनपैकी एक गोष्ट होऊ शकते.

१. बाबा फोनची वाट पाहतात, भूक लागते म्हणून आधी जेवतात आणि जेवणाआधीचे इन्सुलिन राहून जाते.
२. सवयीने सातला इन्सुलिन घेतात. आठला फोनवर विचारणा झाल्यावर नक्की आठवत नाही, म्हणून पुन्हा घेतात. ही सर्वांत धोक्याची चूक आहे.
३. हळूहळू सगळे आठला सरकते आणि जेवण साडेआठला होऊ लागते. मग मार्चमध्ये फोन पुन्हा सातला येतो. इन्सुलिन सातला घेतले जाते, पण स्वयंपाक साडेआठलाच तयार होतो. मधल्या दीड तासात साखर घसरते.

यावरचा मुख्य नियम साधा आहे. औषधाची वेळ तुमच्या घरच्या घड्याळाला आणि जेवणाला बांधा, फोनला नाही. मुलांचा फोन चौकशीसाठी येऊ द्या. औषधाची घंटा मात्र घरातच वाजली पाहिजे.

घरी काय करावे?

• बाबांच्या स्वतःच्या मोबाइलवर रोजचा गजर लावा. मुलीने अमेरिकेत बसून तिच्या मोबाइलच्या कॅलेंडरमधून पाठवलेली आठवण तिच्या घड्याळाप्रमाणे चालते, त्यामुळे तिकडची वेळ बदलली की आपल्याकडे ती एक तास सरकते.
• मोबाइलमध्ये तारीख आणि वेळ आपोआप ठरण्याची सोय चालू ठेवा आणि भिंतीवरचे घड्याळ महिन्यातून एकदा त्याच्याशी जुळवा. सेल उतरला की घड्याळ मागे पडू लागते. बस चुकू नये म्हणून अनेक घरांत घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवतात. गोळ्यांसाठी तेवढ्याने बिघडत नाही, पण घरातील सर्वांना ते माहीत असू द्या.
• डोस घेतल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. "घेतलं का?" या प्रश्नाचे उत्तर आठवणीतून देऊ नका, खूण पाहून द्या.
• गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी वापरा. कप्पा रिकामा दिसला, म्हणजे गोळी घेतलेली आहे.
• साखर मोजायच्या मशीनचा सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासा. वेळ चुकीची असेल, तर उपाशीपोटीची साखर कोणती आणि जेवणानंतरची कोणती हे डॉक्टरांना कळत नाही आणि डोस चुकीचा ठरू शकतो. नोंद ठेवणाऱ्या बीपीच्या मशीनलाही हेच लागू आहे.

तुम्ही मुलांकडे गेला असाल तर?

पोहोचल्यावर साखरेच्या आणि बीपीच्या मशीनची वेळ तिकडच्या वेळेशी जुळवा. लांबच्या विमानप्रवासात इन्सुलिन कसे घ्यायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मुक्कामात घड्याळ बदलण्याचा रविवार आला, तर मोबाइलची वेळ आपोआप बदलते. भिंतीवरचे घड्याळ, ओव्हन, जुनी गाडी आणि साखरेचे मशीन बहुधा हाताने बदलावे लागते. इन्सुलिन पंप असेल, तर त्याचे घड्याळही तपासा आणि सकाळ-संध्याकाळ उलट लागलेली नाही ना, हे पाहा. स्वयंपाकघरातले घड्याळ एक वेळ आणि मोबाइल दुसरी वेळ दाखवत असेल, तर डोस दोनदा घेतला जाण्याची शक्यता वाढते. म्हणून शनिवारी रात्री झोपण्यापूर्वीच सगळी घड्याळे जुळवून ठेवा.

बीपी, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या रोज एकदा घ्यायच्या गोळ्यांना एका तासाने सहसा फरक पडत नाही. नव्या घड्याळाप्रमाणे नेहमीच्या वेळी घ्या. कंपवाताची औषधे, फिटची औषधे आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे ठराविक अंतराने घ्यावी लागतात. ती रोज पंधरा मिनिटे सरकवत चार दिवसांत नव्या वेळेवर आणता येतात, मात्र आधी डॉक्टरांना विचारा. घड्याळ मागे जाते त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. त्या वेळेत एखादा डोस असेल, तर तो एकदाच घ्यायचा आहे.

मार्चमध्ये घड्याळ पुढे जाते तेव्हा एक तासाची झोप कमी होते. स्वीडनमधील २००८ च्या एका अभ्यासात त्यानंतरच्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यांत थोडी वाढ दिसली होती. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसे आढळले नाही. घाबरण्याचे कारण नाही. आधीचे तीन-चार दिवस थोडे लवकर झोपा आणि सकाळी उजेडात फिरायला जा.

चूक झालीच तर?

गोळी राहिली असेल, तर आठवल्यावर घ्या. पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन डोस एकत्र कधीही घेऊ नका. इन्सुलिन राहिले असेल, तर साखर मोजा आणि डॉक्टरांना विचारून पुढचे ठरवा.

इन्सुलिन दोनदा घेतले गेले असेल, किंवा तशी नुसती शंका असेल, तर लगेच साखर मोजा, जेवण करा आणि डॉक्टरांना फोन करा. एकदा साखर चांगली आली म्हणून निश्चिंत होऊ नका. परिणाम बरेच तास टिकतो, म्हणून डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रात्रीही पुन्हा पुन्हा मोजावी लागते. त्या रात्री रुग्णाला एकटे झोपू देऊ नका.

घाम, थरथर, धडधड, खूप भूक, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. साखर ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजूनही कमी असेल, तर पुन्हा द्या. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आज एवढे करा

मुले ज्या देशात आहेत तिथले दोन रविवार घरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. आज फोन आला की त्यांना सांगा, "तुझा फोन तासभर पुढे-मागे होईल, पण आमच्या औषधाची वेळ तीच राहील." त्या दोन रविवारी संध्याकाळी घरातील एकाने खूण तपासली, तर पुढचे दिवस निर्धास्त जातात.