रडवे गुरुजी? छे!

'श्यामची आई' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? रडू! मलाही तेच. आजी वाचून दाखवताना रडायची, तिला बघून मी रडायचे. साने गुरुजी म्हणजे हळवे, एवढ्यावर आपण विषय मिटवतो. २४ डिसेंबरला त्यांच्या जयंतीला फोटोला हार, मोबाइलवर स्टेटस, की झालं.

मास कम्युनिकेशनला आल्यावर मला वेगळेच गुरुजी भेटले. अमळनेरच्या शाळेत ते १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षं मास्तर होते. हो, सहाच! 'गुरुजी' मात्र जन्मभर राहिले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे (हे आमच्या रेक्टर मॅडमना सांगायची माझी हिंमत नाही). शिवाय मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानं लिहून काढायचे.

१९३० ला नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. अठरा रविवार, अठरा अध्याय. ते सगळं गुरुजींनी उतरवून घेतलं, म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. मी परवा वीस मिनिटांची मुलाखत घेतली. फोनचा रेकॉर्डर सुरूच झाला नव्हता आणि वहीत सापडल्या चार ओळी. त्यातली एक मलाच वाचता येईना! स्वतः लेखक असलेल्या माणसानं दुसऱ्याचं बोलणं इतकं मन लावून ऐकायचं, हे मला 'श्यामची आई' लिहिण्यापेक्षा अवघड वाटतं. ती त्यांनी पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिली.

पण गीता लिहून घेणाऱ्या या माणसाला, विठ्ठलाच्या दारात दलितांना अडवलेलं सहन होत नव्हतं. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं करा, हे सांगत त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. सोबत सेवा दलाचं कलापथक. वाटेत कितीतरी गावांनी आपली देवळं, विहिरी खुल्या केल्या. बडवे काही ऐकेनात. मग १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. उपोषण सोडा, अशी गांधीजींची तार आली. विचार करा, ज्यांच्या हाकेला ओ देऊन नोकरी सोडली, तुरुंग भोगला, त्या गांधीजींची! तरी गुरुजी हटले नाहीत. १० मेला, मंदिर खुलं करायचं ठरल्यावरच उपोषण सुटलं.

अशा माणसाला आपण 'रडवे' म्हणतो, कमाल आहे आपली.

त्यांनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं 'साधना' आजही निघतं, मिळालं तर चाळून बघा. मी या सुट्टीत आजीकडे जाणार आहे. तिच्या गावचं देऊळ आणि विहीर सगळ्यांना कधीपासून खुली झाली, हे मी तिला कधी विचारलंच नाहीये. तुम्ही तुमच्या आजीला विचारलंय?