सायकलचा दिवा: श्रीरामपूरच्या काळोखात सेल की डायनामो?

श्रीरामपूर तालुका सपाट आहे. रस्ते सरळ, चढउतार नावापुरते, जमीन काळी आणि पाणी प्रवरेच्या डाव्या कालव्याचं. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि या पट्ट्यात ऊस पक्का रुजला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना त्याच सुमारास उभा राहिला, पुढे टिळकनगर आणि अशोकनगर आले. शहराच्या रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही बेलापूरच आहे. सायकल चालवायला याहून सोयीचा मुलूख नगर जिल्ह्यात दुसरा नाही. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण सायकलवाल्याचा रस्ता तोच आहे.

दिवसा इथे सायकलस्वाराला कसलीच अडचण नाही. अडचण सुरू होते ती दिवस मावळल्यावर. कारखाना म्हटला की पाळ्या आल्या, म्हणजे भल्या पहाटे सुटणारा कामगार आला. कालवा म्हटला की आवर्तन आलं, आणि पाणी रात्री आलं की रात्रीच दारं धरायला जावं लागतं. शेतीची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, म्हणून मोटार चालू करायला मध्यरात्री मळ्यात जाणारा माणूस आजही या तालुक्यात आहे. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट उंच ऊस. चांदण्या रात्रीसुद्धा त्या दोन भिंतींमधला रस्ता अंधारलेलाच असतो. उसात बिबट्या मुक्कामाला आहे, हेही इथे कुणाला नव्याने सांगायला नको. गाळप हंगामात त्याच रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाने लादलेल्या बैलगाड्या चालतात. एवढ्या सगळ्यात सायकलच्या पुढे एक पांढरा आणि मागे एक लाल दिवा असणं ही हौसेची गोष्ट उरत नाही.

आणि तरीही आपल्याकडची साधी काळी सायकल दुकानातून बाहेर येते ती दिव्यावाचून. घंटी असते, स्टँड असतो, कॅरिअर असतं, साखळीवर झाकण असतं. दिवा मात्र घेणाऱ्याने आपला आपण बघायचा. एके काळी असं नव्हतं. नगरपालिकेच्या कराचा पितळी बिल्ला आणि रात्री दिवा, या दोन गोष्टी नसल्या की पोलीस सायकल अडवायचा. रॉकेलचा दिवा, नंतर कार्बाइडचा, आणि मग घरोघर पोचला तो बाटलीच्या आकाराचा डायनामो.

हा बाटली-डायनामो आज पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. पुढच्या चिमट्याला किंवा मागच्या दांडीला पट्टीने आवळलेला, खटका दाबला की स्प्रिंगने टायरच्या कडेला टेकणारा, आणि टेकला की घरघर सुरू. त्याची चाकी जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर व्यासाची. सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली तर ही चाकी मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फेरे घेते. घरघर त्याचीच. पायाला जडपणा लागतो तोही त्याचाच, कारण तुम्ही लावलेल्या जोरातला निम्म्याहून जास्त भाग रबर दाबण्यात आणि घासण्यात जातो. तारेच्या टोकापर्यंत थोडाच पोचतो.

तो बसवण्याची एक रीत आहे आणि ती न पाळल्यामुळेच त्याची बदनामी झाली. चाकीचा आस लांबवला तर तो थेट चाकाच्या एक्सलमधून गेला पाहिजे. तिरका बसला की चाकी टायरवर गोल फिरायच्या ऐवजी घासते, आणि महिन्या-दोन महिन्यांत टायरची कड भुरभुरीत होते. चांगल्या टायरच्या कडेला बारीक रेघांची एक पट्टी असते, ती चाकीसाठीच असते. दुसरी गोष्ट तारेची. दिव्यापर्यंत एकच तार जाते, परतीचा रस्ता सायकलच्या सांगाड्यातून असतो. त्यासाठी पट्टीत एक टोकदार स्क्रू असतो, तो रंग फोडून लोखंडाला भिडला पाहिजे. तिथे गंज चढला की दिवा बंद पडतो, आणि लोक डायनामो गेला म्हणून नवा आणतात. कानस घेऊन तेवढी जागा चकचकीत केली तर बहुतेक वेळा जुनाच पुन्हा पेटतो. तिसरी गोष्ट बल्बची. पुढचा २.४ वॉटचा आणि मागचा ०.६ वॉटचा, असे दोन मिळून ३ वॉट हे गणित ठरलेलं. मागचा उडाला की त्याच्या वाटची वीज पुढच्यावर येते आणि जोरात सायकल हाणली की तोही उडतो. म्हणून अंधारात दोन्ही दिवे एकदमच गेले अशी तक्रार पूर्वी घरोघर ऐकू यायची.

पावसाळ्यात मात्र या डायनामोवर खरोखर इलाज नाही. काळ्या मातीचा चिखल टायरला माखला की चाकी घसरते. दिवा नेमका हवा त्या रात्री मंद होतो.

हीच सगळी दुखणी टाळणारी वस्तू इंग्लंडात १९३६ साली निघाली. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने डायनामो टायरच्या कडेवरून काढला आणि चाकाच्या मध्यभागी, हबच्या पोटात बसवला. नाव ठेवलं डायनोहब. रचना इतकी साधी की पाहताना आनंद वाटावा. एक्सलला तारेची गुंडाळी पक्की बसवलेली, ती फिरत नाही. हबच्या कवचात अनेक ध्रुवांचं चुंबकी कडं, ते चाकाबरोबर फिरतं. मध्ये गिअर नाही, चाकी नाही, घासणारं काहीच नाही. २८ इंची चाक ताशी १५ किलोमीटरला मिनिटाला सव्वाशेच्याही आत फिरतं, म्हणून आवाजही नाही. पाऊस असो, चिखल असो, चाक फिरतंय तोवर दिवा आहे.

या जुन्या डायनोहबची ताकद १.८ वॉट, म्हणजे बाटलीपेक्षाही कमी. तरी तो १९८४ पर्यंत बनत राहिला, आणि त्यातले कितीतरी आजही चालू आहेत. तो उघडणाऱ्या मिस्त्रीने एकच पथ्य पाळायचं. चुंबकाचं कडं गुंडाळीवरून सरकवून नुसतंच बाजूला ठेवायचं नाही. गुंडाळी बाहेर येताना तिच्या जागी लोखंडी कडी सरकवायची, नाहीतर चुंबक तिथल्या तिथे मंदावतो आणि मग कितीही पायडल मारलं तरी दिवा पिवळाच राहतो. नव्या हबमधले चुंबक असे नाजूक नाहीत.

नवे हब म्हणजे जपानच्या शिमानोचे, आणि जर्मनीत विल्फ्रीड श्मिट यांनी १९९०च्या दशकात बाजारात आणलेले ‘सोन’. ताशी १५ किलोमीटरला ६ व्होल्ट, ३ वॉट हा त्यांचा मापदंड. सायकल जोरात गेली तरी यातून वाहणारा प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो, गुंडाळीच त्याला आवर घालते. पायावरचा भार किती? दिवा चालू असताना साधारण पाच-सहा वॉट. काळी सायकल सपाट रस्त्यावर ताशी १५ ने ओढायला साठेक वॉट लागतात असं धरलं, तर दहावा हिस्सा. श्रीरामपूरच्या वाऱ्यात जाताना आणि येताना याहून जास्त फरक पडतो.

खरी उलथापालथ केली ती एलईडीने. तारेचा बल्ब एका वॉटला दहा-पंधरा ल्युमेन उजेड द्यायचा, एलईडी शंभरच्या आसपास देते. म्हणजे जो ३ वॉटचा डायनामो पूर्वी खड्डा जेमतेम दाखवायचा, तोच आज अख्खा रस्ता उजळतो. शिवाय चांगल्या डायनामो-दिव्यात एक कपॅसिटर असतो. सायकल रेल्वे फाटकाशी थांबली तरी काही मिनिटं दिवा तेवत राहतो. थांबला की अंधार, हा डायनामोवरचा सगळ्यात जुना आक्षेप त्यामुळे निकालात निघाला.

पण एलईडीने तेवढंच बळ बॅटरीच्या दिव्यालाही दिलं. पूर्वीचे सेलचे दिवे आठवड्यात दोन मोठे सेल खायचे आणि उजेड देवघरातल्या समईएवढा. आताच्या लिथियम सेलचं गणित पाहा. ३.७ व्होल्ट आणि २६०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे साडेनऊ वॉट-तासांच्या आसपास. दोन वॉटचा दिवा त्यावर चार तास सहज चालतो. मोबाइलच्या चार्जरवर भरतो. कोणत्याही सायकलला दोन मिनिटांत लागतो, चाक उघडावं लागत नाही. आणि काढून हातात धरता येतो, ही गोष्ट शेतकऱ्यासाठी सर्वांत मोलाची आहे. चारीच्या बांधावरून सायकल हातात धरून चालताना डायनामोचा दिवा नुसता लुकलुकतो, कारण चाक पुरेसं फिरतच नाही. मोटारीच्या पेटीत फ्यूज बघायचा, पाटात पाय टाकण्याआधी साप बघायचा, त्या वेळी सायकलला जखडलेला दिवा काय कामाचा?

मग बॅटरीच घ्यावी, असं कुणीही म्हणेल. माझं मत वेगळं आहे, आणि त्याचं कारण उजेडात नाही, रात्री सायकलवर निघणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात आहे. इथे रात्री सायकलवर सापडणारा माणूस बऱ्याचदा ठरवून रात्री निघालेला नसतो. पाळी लांबते, मार्केट यार्डात मालाचा काटा उशिरा होतो, बस चुकते, पाणी अचानक सुटतं. दिवा घरी चार्जिंगला लावलेला असतो, किंवा चोरीला जाईल म्हणून काढून ठेवलेला असतो, किंवा काल रात्री भरायचा राहून गेलेला असतो. वीजही भरवशाची नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि उन्हात तापलेल्या सायकलवर राहिलेला लिथियम सेल लवकर म्हातारा होतो. चार तास चालणारा दिवा दोन उन्हाळ्यांनी अडीच तासांवर येतो आणि मालकाला ते कळतं ते वाटेत. डायनामोचा दिवा सायकलचा अवयव असतो. जिथे सायकल तिथे तो. जर्मनीने कायद्यात अनेक दशकं हेच तत्त्व धरलं होतं. ११ किलोंपर्यंतच्या हलक्या शर्यतीच्या सायकली सोडल्या तर प्रत्येक सायकलला डायनामो सक्तीचा होता, आणि फक्त बॅटरीवरच्या दिव्याला मुभा मिळाली ती २०१३ मध्ये.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकलस्वारी, करणाऱ्यांनाही हा प्रश्न पडतो. २७ तासांच्या मर्यादेत ४०० किलोमीटर संपवायचे म्हणजे पूर्ण रात्र रस्त्यावर आली. त्यांच्यातले बरेच अनुभवी स्वार हबचा डायनामो घेतात आणि बॅटरीचा एक दिवा जोडीला ठेवतात. पण त्यांच्या सायकली वेगळ्या, खर्चाची तयारी वेगळी.

श्रीरामपूरच्या काळ्या सायकलला हबचा डायनामो बसवायचा तर दोन अडथळे आहेत. पहिला किमतीचा. बाहेरून आलेला साधा हबसुद्धा अख्ख्या काळ्या सायकलच्या किमतीच्या आसपास जातो. दुसरा मापाचा. आपली सायकल जुन्या इंग्रजी घडणीची आहे. पुढच्या चाकाला ३२ आरे, मागच्याला ४०. ३२ भोकांचा हब मिळतो, पण नवे हब १०० मिलिमीटर रुंदीचे असतात आणि आपला पुढचा चिमटा त्याहून अरुंद असतो, शिवाय नव्या हबचा एक्सल जाड. चिमटा थोडा फाकवायचा, खाच कानसायची, नव्या मापाचे आरे भरायचे आणि रिमचा आऊट काढायचा. हाताला वळण असलेला मिस्त्री हे करतो. पण मिस्त्रीचं वय आणि दुकानांची संख्या पाहता हे किती वर्षं शक्य राहील याची काळजी वाटते.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. जो माणूस बाराही महिने रोज अंधारात पाच-दहा किलोमीटर जातो, त्याने जमेल तसे पैसे साठवून हबचा डायनामो घ्यावा. दहा वर्षांत तो सगळ्यात स्वस्त पडेल. ज्याला ते झेपत नाही त्याने जुना बाटली-डायनामो माळ्यावरून काढावा, गंज कानसावा, आस सरळ करावा आणि बल्बाच्या जागी डायनामोसाठी बनवलेला एलईडी दिवा लावावा. नुसती एलईडी तारेला जोडू नये, आतली वीज उलटसुलट वाहणारी असते. आठवड्यातून एखाद्या वेळी उशीर होणाऱ्याला चार्जिंगचा दिवा पुरतो. आणि पुढचा दिवा कोणताही असो, मागचा लाल दिवा मात्र बॅटरीचा, वेगळा आणि कॅरिअरला कायम आवळलेला असावा. लाल दिव्याला वीज फार थोडी लागते, आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला दिसायचं असतं तेव्हा पुढचा उजेड उपयोगी पडत नाही. त्याच्याखाली एक लाल परावर्तक हवाच. त्याला ना सेल लागतो ना पायडल. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलच्या परावर्तकांसाठी गुणवत्तेचा आदेश काढला, ही योग्य दिशा आहे. पण परावर्तक समोरच्याच्या दिव्यावर जगतो, आणि उसाच्या बैलगाडीला दिवाच नसतो.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर कारखाने उसाच्या ट्रॉल्यांना आणि गाड्यांना लाल पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात. त्याच दिवशी, त्याच फाटकावर, पाळीला येणाऱ्या कामगारांच्या आणि तोडणी मजुरांच्या सायकलींनाही परावर्तक पट्टी आणि एकेक लाल दिवा लावावा, एवढी माझी कारखान्यांना विनंती आहे. लुधियानाच्या सायकल कंपन्यांकडेही एक मागणं आहे. ३२ आऱ्यांच्या, अरुंद चिमट्याच्या काळ्या सायकलला थेट बसेल असा डायनामो हब देशात बनवा. डायनोहब नेमका याच मापाच्या सायकलींसाठी पन्नास वर्षांजवळ बनत होता.