डोक्यातला किडा आणि आपलीच फौज

मेसमध्ये पत्ताकोबीची भाजी झाली की टेबलावर एक तरी जण म्हणतोच, "खाऊ नको रे, डोक्यात किडा जातो." मित्रांनो, या वाक्यात निम्मं खरं आहे आणि निम्मं खोटं. किडा मेंदूत जातो हे खरं. पण तो पत्ताकोबीत तयार होत नाही आणि मेंदू कुरतडून खातही नाही. सगळ्यात नवलाची गोष्ट अशी, की पेशंटला जी फीट येते ती बहुतेक वेळा किडा मजेत जगत असताना येत नाही, तो मरायला लागला की येते! असं का होतं, हे शोधायला शास्त्रज्ञांची कित्येक वर्षं गेली. त्यातलं महत्त्वाचं काम आपल्या मुंबईत आणि वेल्लोरला झालेलं आहे.

किडा येतो कुठून?

या किड्याचं नाव टीनिया सोलियम, म्हणजे डुकरातला पट्टकृमी. डुकराचं कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर त्यातली अळी माणसाच्या आतड्यात जाते आणि तिथे कित्येक फूट लांब टेपवर्म होतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचावाटे बाहेर पडतात. ती डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात पुन्हा अळ्या, आणि चक्र पूर्ण.

घोळ होतो तो इथे. हीच अंडी घाणीच्या पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या अस्वच्छ हातातून माणसाच्या पोटात गेली, की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. रक्ताबरोबर ती स्नायूत, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसते. याला म्हणतात न्यूरोसिस्टिसर्कोसिस. म्हणजे माळकरी माणसालाही हा आजार होऊ शकतो! मांस खाल्ल्याने पोटात टेपवर्म होतो, पण मेंदूतला किडा होतो अंडी पोटात गेल्याने. पत्ताकोबीचा दोष एवढाच की तिच्या पदरात घाण अडकते. नीट शिजवली तर तिच्यापासून काही भीती नाही.

न दिसणारा भाडेकरू

आता मुख्य प्रश्न. शरीरात साधा काटा मोडला तरी आपल्या पांढऱ्या पेशी धावून जातात. मग मेंदूत एक सेंटीमीटरची पाण्याची पिशवी, आत अळी, आणि फौजेला पत्ताच नाही?

याला दोन कारणं. पहिलं म्हणजे मेंदूला स्वतःचं कंपाउंड आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातली ऐरीगैरी वस्तू आत जात नाही. याला ब्लड ब्रेन बॅरियर म्हणतात. दुसरं कारण म्हणजे किड्याची हुशारी. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी असते. एक प्रथिन दुसऱ्याला चालू करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी शत्रूच्या अंगाला भोक पडतं. अगदी आपल्या रिलेच्या सर्किटसारखं. या किड्याचं पॅरामायोसिन नावाचं प्रथिन त्या साखळीच्या पहिल्याच कडीला चिकटतं. मेन स्विचच बंद! शिवाय तो आपल्याच अँटिबॉडी अंगावर पांघरून बसतो. असा तो वर्षानुवर्षं राहतो, आणि पेशंटला काही होत नाही.

ही शांतता किती लांबते याचा पुरावा १९६१ मध्ये आला. डिक्सन आणि लिप्सकोम यांनी हा आजार झालेल्या ४५० जणांचा अभ्यास छापला. त्यातले बहुतेक जण हिंदुस्थानात नोकरी करून गेलेले ब्रिटिश सैनिक होते. अनेकांना पहिली फीट आली ती जंतुसंसर्गानंतर काही वर्षांनी, मायदेशी परतल्यावर.

म्हातारा झाल्यावर किंवा औषधाने किडा दुबळा झाला की त्याचा बुरखा फाटतो. आतली प्रथिनं बाहेर गळतात, फौजेला एकदम जाग येते, आणि ती त्या जागेवर तुटून पडते. भोवती सूज येते. मेंदू म्हणजे विजेचंच जाळं. सूज आली तिथे शॉर्टसर्किट होतं आणि पेशंटला फीट येते. (किड्याच्या अंगातलं ग्लुटामेट हे रसायनही मेंदूच्या पेशींना थेट भडकवतं, असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे. पण मोठा वाटा सुजेचाच मानतात.)

मुंबईचे डॉ. वाडिया

जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया हे नाव मेडिकलच्या मुलांना माहीत असेल. १९८८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रेन' या नामांकित नियतकालिकात काही विलक्षण पेशंटची माहिती छापली. या लोकांच्या अंगभर अळ्या पसरल्या होत्या. सीटी स्कॅनमध्ये मेंदू नुसता ठिपक्यांनी भरलेला. स्नायू फुगून शरीर पैलवानासारखं दिसायचं, पण फिट काही आवरेनात आणि बुद्धी मंदावत चाललेली.

त्या काळात प्राझिक्वांटेल हे किडा मारणारं औषध नवीन होतं. आपल्याला वाटेल, दिलं औषध, मेले किडे, संपला विषय. पण औषधानंतर तीव्र प्रतिक्रिया उठल्या. इतके किडे एकदम मरायला लागले की आपलीच फौज सगळ्या मेंदूभर पेटते, आणि कवटीत सुजेला जागा नसते. किडा मारणं सोपं, पण त्यानंतरचं युद्ध सांभाळणं अवघड, हा धडा या अनुभवातून मिळाला.

वेल्लोरची गायब होणारी गाठ

दुसरी गोष्ट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन आला आणि फिट येणाऱ्या अनेक पेशंटच्या मेंदूत एकच बारीक गाठ दिसू लागली. आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळे ही टीबीचीच गाठ असणार असं धरून महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली जात. पण काही गाठी औषधाशिवायच नाहीशा व्हायच्या. डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तर बहुतेकांत हाच मेलेला किडा! गाठ नाहीशी होत होती, कारण फौजेने शत्रू संपवून जागा साफ केली होती. १९९३ मध्ये त्यांनी गाठीचा आकार, २० मिलिमीटरची मर्यादा, पेशंटची लक्षणं यांवरून टीबी आणि किडा वेगळे ओळखायचे नियम दिले. त्यामुळे कित्येकांची कवटी उघडायची वेळ टळली.

निळ्या रंगाचा प्रयोग

ही सूज औषधानंतर खरंच वाढते का, हे पेरू देशात डुकरांवर तपासलं गेलं. २०१५ मध्ये छापलेल्या या प्रयोगात डुकरांच्या रक्तात निळा रंग सोडला. कंपाउंड शाबूत असेल तर रंग मेंदूत उतरणार नाही. किडा मारणारं औषध दिलेल्या डुकरांत किड्यांभोवतीचं आवरण निळं झालं. म्हणजे भिंत गळायला लागली होती आणि तिथेच सूज होती. पाइपलाइनमधलं लिकेज शोधायला आपण पाण्यात रंग टाकतो, तेच तत्त्व!

म्हणून आज किडा मारणाऱ्या अल्बेन्डॅझोलबरोबर सूज आवरणारं स्टेरॉइड देतात आणि फिटची गोळी चालू ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही तशाच आहेत. डोळ्यात किडा असेल किंवा मेंदूला आधीच फार सूज असेल तर किडा मारायचं औषध घातक ठरू शकतं. तेव्हा मेडिकलवरून गोळ्या आणून स्वतःच डॉक्टर होऊ नका.

फौज खरी उपयोगी पडते ती दारातच. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंटला सहज बळी पडते. डुकरांसाठीची टीएसओएल-१८ ही लस याच तत्त्वावर चालते. डुकरात चक्र तुटलं की माणूस वाचतो.

हे आपल्याला कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जिथे हा किडा रुळलेला आहे अशा अनेक भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के केसेसमागे तो असतो. आता आपल्या बीडचा विचार करा. दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. फडाजवळच्या कोपीला संडास कुठला आणि नळ कुठला? अंडी मातीत आणि पाण्यात जायला वाट मोकळीच. ज्याला फीट येते त्याची रोजची गोळी तिकडे गेल्यावर चुकते, आणि हातात कोयता असताना फीट आली तर काय होईल ते सांगायला नको. घरातलं, ओळखीतलं कुणी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना सांगून पूर्ण हंगामाच्या गोळ्या बरोबर द्या. आपल्याकडे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवा. देवऋष्याकडे वेळ घालवू नका.

होस्टेलवर कुणाला फीट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, दातात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं किंवा लगेच दुसरी फीट आली तर १०८ ला फोन.

आणि शुद्धीवर आल्यावर त्याला रूम बदलायला लावू नका. फीट अंगाला शिवून पसरत नाही. १९९९ मध्ये कायद्यानेसुद्धा हिंदू विवाहाच्या अटींमधून अपस्मार काढून टाकला. त्याच्या डोक्यात बाहेरचं काही शिरलेलं नसतं. कदाचित त्याची फौज एक जुनी लढाई संपवत असते. तेवढ्या वेळात आपण त्याच्या बाजूने उभं राहायचं.