मरे-डार्लिंग खोरे आणि जलनियोजनाचे एकात्म प्रतिमान

नदीच्या पाण्याची वाटणी करताना जे मोजले जाते ते नदीतील पाणीच होय, अशी सर्वसाधारण समजूत असते. ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्याचा गेल्या तीन दशकांचा इतिहास या समजुतीस धक्का देणारा आहे. तेथे पाणीवापराची जी मर्यादा ठरविण्यात आली ती कोणत्याही मोजपट्टीवर वाचता येत नाही. ती संगणकातील प्रतिमानाने, म्हणजे मॉडेलने, गणित करून काढावी लागते. साहजिकच प्रतिमान कोणाचे, ते कोणत्या आज्ञावलीत बांधलेले, आणि ते कोणास तपासता येते, हे प्रश्न तेथे केवळ अभियंत्यांच्या सोयीगैरसोयीचे राहिले नाहीत. राज्याराज्यांची निरनिराळी प्रतिमाने एकत्र आणण्याचा जो उद्योग तेथे झाला त्याचे महत्त्व यातच आहे.

या खोऱ्याचा विस्तार दहा लाख चौरस किलोमीटरांहून काहीसा अधिक, म्हणजे त्या खंडाच्या सुमारे एक सप्तमांश आहे. क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया ही चार राज्ये आणि राजधानीचा प्रदेश त्यात मोडतात. ऑल्बरी गावाच्या वरचे मरे नदीचे पाणी न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया यांनी निम्मेनिम्म घ्यावे आणि साउथ ऑस्ट्रेलियाचा ठरलेला हिस्सा दोघांनी मिळून पुरवावा, हे तेथील वाटपाचे मूळ सूत्र. हा हिस्सा वर्षाला १,८५० अब्ज लिटर, म्हणजे आपल्याकडील मापाने सुमारे ६५ अब्ज घनफूट इतका आहे. दक्षिणेकडील मरे ही मोठ्या धरणांनी बरीचशी बांधलेली नदी आहे. उत्तरेकडील डार्लिंगचे प्रवाह मात्र अत्यंत लहरी असून कापसाचे मोठे मळे त्यांवर अवलंबून आहेत.

१९९५ साली खोऱ्यातील उपशावर एक कमाल मर्यादा घालण्यात आली. तिची व्याख्या लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. अमुक इतके लिटर, असा ठोकळ आकडा त्यावेळी ठरविला गेला नाही. कारण कोरड्या वर्षी शेतकऱ्याची मागणी वाढते व ओल्या वर्षी घटते. १९९३-९४ साली जेवढी धरणे, कालवे, पंप व पाटपाण्याचे नियम अस्तित्वात होते तेवढेच कायम राहिले असते, तर चालू वर्षाच्या पर्जन्यमानात जितका उपसा झाला असता, तितकाच उपसा करण्याची मुभा, असे तत्त्व ठरले. म्हणजे प्रत्यक्षात कधीच न घडलेल्या एका वर्षाचे पाणी मोजावयाचे! असे मोजमाप प्रतिमानावाचून शक्य नाही. राज्याने मर्यादा पाळली की ओलांडली, याचा निर्णय अशा रीतीने आज्ञावलीच्या हाती गेला.

ही प्रतिमाने त्यापूर्वीच्या काळात ज्याने त्याने आपापल्या गरजेनुसार घडविली होती. न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड येथे आय.क्यू.क्यू.एम. नावाचे, दिवसामागून दिवस हिशेब करणारे प्रतिमान रूढ होते. व्हिक्टोरियातील ‘रेल्म’ हे नद्या, कालवे व जलाशय यांचे जाळे मानून रेषीय नियोजनाच्या गणिताने पाणी वाटीत असे, आणि त्याचा हिशेब बहुधा महिन्याचा असे. मरेच्या मुख्य प्रवाहासाठी दोन प्रतिमानांची जोडी होती. त्यांपैकी एक महिन्याच्या हिशेबाने राज्याराज्यांतील वाटप करी. दुसरे त्याच पाण्याचा व त्यातील क्षारांचा दैनंदिन प्रवास काढी. प्रत्येकाचे स्वतःचे शहाणपण होते. परंतु एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे.

यातून काय अडचण उद्भवते ते मेनिंडी येथील सरोवरांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. डार्लिंगचे पाणी मरेस मिळण्यापूर्वी या सरोवरांत साठते. साठा ६४० अब्ज लिटरांवर गेला की ते पाणी मरेच्या सामाईक हिशेबात धरले जाते, आणि पुढे साठा ४८० अब्ज लिटरांच्या खाली उतरेपर्यंत सामाईकच राहते. त्याखाली ते पुन्हा एकट्या न्यू साउथ वेल्सच्या ताब्यात जाते. सरोवरांच्या वरचा प्रवाह एका प्रतिमानात निघतो व खालचे वाटप दुसऱ्यात होते. वरच्या प्रतिमानात बाष्पीभवनाचा अंदाज थोडासा चुकला, तरी गणितातील साठा ६४० ची रेषा एखाद्या वर्षी ओलांडतो किंवा ओलांडीत नाही. आणि तेवढ्यावरून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या व्हिक्टोरियाचा त्या वर्षीचा हिस्सा बदलतो. किंचित चूक सांध्यावर येऊन मोठी होते, ती अशी. एकेक प्रतिमान स्वतंत्रपणे तपासले असता ही गोष्ट दृष्टीस पडत नाही.

प्रतिमाने जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न दुष्काळाने घडवून आणला. १९९७ च्या सुमारास सुरू झालेले अवर्षण २००६ पर्यंत भीषण झाले होते. त्या वर्षाच्या अखेरीस देशाच्या व राज्यांच्या प्रमुखांनी खोऱ्यात शाश्वतपणे वापरता येण्याजोगे पाणी किती, हे शोधण्याचे काम सी.एस.आय.आर.ओ. या राष्ट्रीय संशोधनसंस्थेकडे सोपविले. नवे प्रतिमान बांधण्यास अवधी नव्हता. म्हणून अस्तित्वात असलेली २४ प्रतिमाने जशीच्या तशी घेऊन एकाचे निर्गत पाणी दुसऱ्यास आगत म्हणून देणारी साखळी तयार करण्यात आली. भूजलाच्या उपशामुळे नदीचा प्रवाह कालांतराने किती घटतो, याचाही हिशेब त्यास जोडला गेला. नाहीतर तेच पाणी एकदा विहिरीत व एकदा नदीत, असे दोनदा मोजले जाते. शंभरहून अधिक वर्षांच्या हवामानावर ही साखळी चालविली असता निघालेले निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. माणसाच्या वापरामुळे मरेच्या मुखाशी पोचणारे पाणी ६१ टक्क्यांनी घटले आहे. आणि पूर्वी जे मुख १ टक्का काळच प्रवाहहीन राहिले असते ते आता ४० टक्के काळ तसे राहते, असे दिसून आले. एकट्या राज्याच्या एकट्या प्रतिमानास हे सांगता आले नसते.

तथापि साखळी म्हणजे एकात्मता नव्हे. तिच्यात पाणी वरून खाली जाते, पण मागणी खालून वर येऊ शकत नाही. सीमेजवळील शेतकऱ्याने आज मागितलेले पाणी ह्यूम धरणातून काही आठवड्यांपूर्वीच सुटलेले असावे लागते. म्हणजे मागणीचा आगाऊ अंदाज घेऊन तो उलट दिशेने धरणापर्यंत नेला पाहिजे. २००५ साली स्थापन झालेल्या ‘ई-वॉटर’ या सहकारी संशोधनकेंद्राने ‘सोर्स’ नावाची जी आज्ञावली पुढे विकसित केली, तिच्या रचनेत या गोष्टीला मध्यवर्ती स्थान आहे. प्रत्येक कालखंडात ती दोन फेऱ्या करते. पहिल्या फेरीत मागण्या प्रवासाचे दिवस धरून वर जातात, दुसऱ्या फेरीत पाणी खाली येते. शिवाय नदीच्या प्रत्येक टप्प्यातील पाणी कोणत्या राज्याचे किती, याची नोंद पाण्याबरोबरच वाहत जाते. पावसाचे पाणी ओढ्यात कसे उतरते, क्षार कसे वाहतात, भूजलाशी देवघेव कशी होते, हे भाग त्याच चौकटीत बसतात. आणि एखाद्या राज्याचा आगळा नियम असल्यास त्याचा स्वतंत्र घटक लिहून मूळ आज्ञावलीस जोडता येतो. ही शेवटची सोय नसती तर कोणतेही राज्य आपले जुने प्रतिमान सोडण्यास तयार झाले असते असे वाटत नाही.

एवढे होऊनही स्वीकार सावकाशच झाला, आणि त्यास निव्वळ सरकारी दिरंगाई म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या प्रतिमानांत अनेक वर्षांचे निर्णय मुरलेले होते. त्यांतील काही कागदावर नव्हतेच, केवळ आज्ञावलीच्या ओळींत होते. नव्या प्रतिमानाने आधी जुन्याचे उत्तर काढून दाखवावे, मग ते सुधारावे, अशी अपेक्षा होती. परंतु दोहोंची उत्तरे वेगळी आली तर चूक कोणाची? जुने उत्तर बरोबर होते म्हणून नव्हे, तर त्यावर करार उभे होते म्हणून त्यास मान होता.

ही गुंतागुंत २०१२ च्या खोरे-योजनेनंतर अधिकच वाढली. या योजनेपूर्वी, २०१० साली, ३,००० ते ४,००० अब्ज लिटर कपात सुचविणारी मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली, तेव्हा ग्रिफिथ येथे संतप्त शेतकऱ्यांनी तिच्या प्रती जाळल्या होत्या. अखेर योजनेत २,७५० अब्ज लिटर, म्हणजे सुमारे ९७ अब्ज घनफूट, इतकी कपात ठरली व वापराची मर्यादा १०,८७३ अब्ज लिटर झाली. ही कपात ज्या मूळ वापरातून करावयाची तो मूळ वापरही प्रतिमानाचाच आकडा आहे. योजनेच्या परिशिष्टात व्याख्या शब्दांत दिली आहे, आकडे टिपांत अंदाज म्हणून दिले आहेत. प्रतिमान सुधारले की अंदाज बदलतो. मोजपट्टीच रबरी निघावी, असा हा प्रकार आहे. पण चुकीचा आकडा कायद्यात गोठवून ठेवणे त्याहून बरे, असेही म्हणता येत नाही. २०१९ साली साउथ ऑस्ट्रेलियाच्या चौकशी आयोगाने खोरे-प्राधिकरणावर जे कडक ताशेरे ओढले त्यांत प्रतिमानांचे काम पुरेसे खुले न केल्याचा आक्षेप ठळक होता. ‘सोर्स’ची एक आवृत्ती कोणासही विनामूल्य मिळते; परंतु रिकामी आज्ञावली मिळणे वेगळे आणि तिच्यात भरलेले नदीचे नियम व आकडे मिळणे वेगळे.

याचा सर्वांत कसोटीचा प्रसंग उत्तरेकडे आला. तेथे पुराचे पाणी पात्र सोडून मैदानावर पसरते व कापूस-उत्पादक ते बांध घालून खाजगी तलावांत वळवितात. दीर्घकाळ या पाण्यास ना परवाना होता, ना मीटर. जुन्या प्रतिमानांत त्याचा अंदाज ढोबळ होता. न्यू साउथ वेल्सने परवाने देण्याच्या निमित्ताने त्या खोऱ्यांची नवी प्रतिमाने बांधली, तलावांची आकारमाने मोजून त्यांत घातली, आणि पूर्वी धरलेल्यापेक्षा अधिक पाणी मैदानावरून घेतले जात असल्याचे आढळले. त्यामुळे मूळ वापराचा अंदाज वाढला व त्याबरोबर कायदेशीर मर्यादाही वर सरकली. वरच्या भागातील उत्पादकांच्या मते ही केवळ नोंदीची दुरुस्ती होती. खाली डार्लिंगकाठी राहणाऱ्यांच्या मते, कधीच मोजले न गेलेले पाणी आता हक्काचे झाले. प्रतिमानाने दोघांनाही एकच आकडा दिला होता. आता त्या तलावांवर मीटर बसविण्यात येत असून, पुढील पुरांच्या नोंदी हाती आल्यावर तोच आकडा पुन्हा तपासावा लागणार आहे.